वरच्या मजल्याचा फेज: नागपुरातल्या एका फ्लॅट स्कीमचा उन्हाळा

मनीषनगरच्या पुढे बेसा साइडला आमची फ्लॅट स्कीम आहे. खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर चार असे एकूण बारा फ्लॅट. बांधकाम जुनं, तेव्हा प्रत्येक फ्लॅटला २ किलोवॅटचा सँक्शन लोड (वीज कंपनीने मंजूर केलेला भार) घेतलेला, कारण तेव्हा घरात काय असायचं तर फ्रीज, टीव्ही, पंखे आणि उन्हाळ्यात एखादा कूलर. सेक्रेटरीपद सध्या माझ्या गळ्यात आहे म्हणून हे सगळं मला बघावं लागलं, आणि बघता बघता प्रकरण केबलवरून सुरू होऊन कोराडीच्या थर्मल प्लांटपर्यंत गेलं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय.

प्रॉब्लेम असा होता की एप्रिलच्या शेवटापासून रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास तिसऱ्या मजल्याची लाइट जायची. बाकी दोन मजले चालू, फक्त वरचा मजला अंधारात. पण लिफ्ट थ्री फेज, म्हणजे विजेच्या तिन्ही लाइनवर चालणारी, पाण्याची मोटर पण थ्री फेज, त्यामुळे एक फेज गेला की लिफ्ट बंद आणि मोटर बंद, म्हणजे वरच्यांच्या अंधाराचा त्रास खालच्यांनाही होताच. लाइनमन यायचा, किटकॅट फ्यूज काढायचा, नवीन तार टाकायचा, जायचा. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. एकदा कोणीतरी वैतागून त्यात जाड तार घालून दिली. मग फ्यूज उडणं बंद झालं, आणि आठवड्याभरात पॅनेलमधून जळका वास यायला लागला. उघडून बघितलं तर मेन केबलचं एक लग (टोकाचा धातूचा जोड) काळं ठिक्कर पडलेलं, वरचं इन्सुलेशन वितळून खाली ओघळलेलं. जाड तार घातल्यावर हेच होणार होतं. फ्यूजचं काम उडायचं असतं, तो उडाला नाही तर त्याच्या पुढचं काहीतरी जळतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते पुढचं म्हणजे अख्खं मीटर पॅनेल असतं.

मीटिंग बोलावली. मीटिंगमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहितीच आहे. पहिल्या मजल्याचं म्हणणं, वरच्यांनी एसी लावले म्हणून हे होऊन राहिलं, तर केबलचा खर्च त्यांनीच द्यावा. वरच्यांचं म्हणणं, आम्ही काय हौसेनं लावले का, वर येऊन एक रात्र झोपून दाखवा. दुसऱ्या मजल्यावरचे काका कोळसा खाणीतून रिटायर झालेले, ते म्हणाले आमच्या वेळी आठ-आठ तास लोडशेडिंग असायचं तेव्हा कोणी मेलं नाही. त्यावर मिहानमध्ये नोकरी करणारी आणि रात्रीची शिफ्ट घरूनच करणारी वरची मुलगी म्हणाली, काका तेव्हा रात्री गच्चीवर झोपता यायचं, आता गच्चीवर पाय ठेवून बघा. वाद तिथेच थांबला नाही, पण मला तिचं वाक्य पटलं, कारण खरी गोष्ट तिथेच होती.

नागपूरचं ऊन नवीन नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ नोंदवलं गेलं, तो रेकॉर्ड आहे. २०२४ मध्ये ३० मे ला रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ दाखवलं आणि एका संध्याकाळपुरतं नागपूर जगभर गाजलं, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलेला होता, आजूबाजूची स्टेशनं ४४-४५ च्या घरात होती. लोकांनी त्या ५६ वर खूप जोक मारले, पण त्याच ३० मे ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटला जाऊन टेकली, तोपर्यंतची सगळ्यात जास्त, आणि तो आकडा कुठल्या बिघडलेल्या सेन्सरचा नव्हता. ४४-४५ सुद्धा काही कमी नाही, त्यात रात्री पारा ३० च्या खाली यायला मागत नाही, आणि दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्रभर खोलीत सोडत बसतो. वरच्या मजल्यावर रात्री ९ वाजता सीलिंगला इन्फ्रारेड गन लावली तर ४१ डिग्री. बाहेर हवा बरी झालेली असते आणि आत छत तव्यासारखं तापलेलं. अशा खोलीत एसी माणसासाठी कमी आणि स्लॅबसाठी जास्त चालतो.

आता फेजचं. एक ओळखीचा वायरमन आहे, त्याला रात्री अकराला बोलावलं, टाँगटेस्टर (तारेतला करंट मोजायचा चिमटा) घेऊन ये म्हटलं. तो म्हणे, "काऊन जी, सकाळी आलो तर नाही चालत का?" नाही चालत. रात्री आला, तिन्ही फेजला टाँगटेस्टर लावला: आर फेजवर ६८ अँपिअर, वाय वर ३४, बी वर १९. फ्यूज ६३ चा. म्हणजे एक फेज ओव्हरलोड आणि एक फेज जवळपास रिकामा. टोटल काढली तर १२१ अँपिअर, तिन्हीवर सारखी वाटली तर प्रत्येकी चाळीसच्या आसपास, आरामात बसते.

असं का झालं, तर बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने सोपं काम केलं होतं, एक मजला एक फेज. पहिला मजला बी वर, दुसरा वाय वर, तिसरा आर वर. कूलरच्या जमान्यात चालून गेलं, कारण सगळ्यांचा लोड सारखाच होता. पण गच्ची कोणाच्या डोक्यावर तापते, तिसऱ्याच्या. म्हणून एसी आधी कुठे लागले, तिसऱ्यावर. तिथे चार फ्लॅटमध्ये सात एसी, पहिल्या मजल्यावर एकही नाही. सात एसी सगळेच्या सगळे एका फेजवर, आणि सगळे दहा ते अकराच्या दरम्यान चालू होतात कारण जेवण आटोपून झोपायची वेळ तीच. म्हणजे ऊन स्लॅबवर पडलं, स्लॅबने एसी आणले आणि एसीने लग जाळलं. मीटिंगमध्ये माणसामाणसांत भांडण लागलं होतं, आणि दोष निम्मा गच्चीचा, निम्मा वायरिंगचा.

वीज कंपनीकडे अर्ज करून मीटर पॅनेलवर फेज वाटून घेतले, प्रत्येक फेजवर तिन्ही मजल्यांचे फ्लॅट येतील असे. जळलेलं लग बदललं, ६३ चा फ्यूज बरोबर मापाच्या तारेने भरला. पुढच्या रात्री तशाच वेळी टेस्टर लावला तर ४२, ४१, ३८. फ्यूज उडणं त्या दिवसापासून बंद.

इथे प्रकरण संपलं असतं. पण कूलर की एसी हा वाद पेटलेलाच होता, आणि खाणीतले काका असल्यामुळे त्याला वेगळंच वळण लागलं. काका म्हणाले, तुम्ही बिलात युनिट बघता, मी युनिटमध्ये कोळसा बघतो. त्यांनी हिशेब सांगितला आणि मग मी बसून तो नीट मांडला.

आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज काढायला अंदाजे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. या कोळशात राख जबरदस्त, ३० ते ४० टक्के. वरच्या मजल्याचे सात एसी रात्री आठ तास चालले, इन्व्हर्टर वगैरे धरून सरासरी तासाला एक युनिट पकडलं, तर ५६ युनिट. म्हणजे एका मजल्याच्या एका रात्रीच्या झोपेला जवळपास ४० किलो कोळसा, आणि मागे १३-१४ किलो राख. शिवाय पाणी. थर्मल प्लांटला कूलिंग टॉवरसाठी पाणी लागतं, पर्यावरण मंत्रालयाचा २०१५ चा नियम जुन्या प्लांटला एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंतचा आहे. ३ लिटर धरलं तरी ५६ युनिटला १६८ लिटर. एसीवाल्यांना वाटतं आपण पाणी वापरतच नाही. वापरता, फक्त नळ दुसरीकडे आहे.

कूलरवाल्यांनीही खूश होऊ नये. पाणी उडताना उष्णता घेतं, एक लिटर उडालं की साधारण पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी एवढी उष्णता घेऊन जातं, कूलरचं सगळं गणित एवढंच. मोठा डेझर्ट कूलर भर मे महिन्यात तासाला दहा लिटरच्या वर पितो, म्हणजे एका रात्रीत १०० लिटर सहज. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात, तर एक कूलर म्हणजे घरात जवळपास एक माणूस जास्तीचा. आमच्याकडे सात कूलर. बोअर एप्रिलमध्येच आटली, नळ येतो सकाळी, टुल्लू पंप लावून लोक कूलर भरतात, आणि दोन घरी बॉलकॉक बिघडलेला म्हणून टप भरून पाणी रात्रभर खाली पार्किंगमध्ये वाहतं ते वेगळंच. हे बॉलकॉक आधी बदलून घेतले, शंभर-दीडशेचं काम, पण त्यासाठीसुद्धा मला तीनदा ग्रुपवर मेसेज टाकावा लागला.

वीज मात्र कूलरला फार लागत नाही, तासाला पाव युनिटसुद्धा नाही. सात कूलरचं रात्रभराचं १४ युनिट धरा, म्हणजे दहा किलोच्या आसपास कोळसा. थोडक्यात, एसी कोळसा खातो आणि कूलर पाणी पितो. फरक एवढाच की कूलरचं पाणी आपल्या टाकीतून जातं म्हणून दिसतं.

आणि नागपुरात गंमत अशी की हे दोन्ही पाणी शेवटी एकमेकांत मिसळलेलं आहे. शहराला पाणी येतं ते मुख्यतः पेंचचं, तोतलाडोह आणि खाली नवेगाव खैरी, शिवाय कन्हान नदीचं. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यावर पेंचमध्ये येणारं पाणी कमी झालं, आणि २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला तेव्हा महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं होतं, ज्यांनी ते दिवस काढले त्यांना आठवत असेल, ड्रमच्या किमती वाढल्या होत्या. कोराडी आणि खापरखेडा हे दोन थर्मल प्लांट शहराच्या उशाला, कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच, खापरखेड्याला २१० चे चार आणि ५०० चा एक. त्यांनाही पाणी लागतं आणि तेही इथल्याच नद्यांचं. यावर नागपूरने एक खरंच चांगलं काम केलं, २००८ साली महापालिका आणि महाजनको या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचा करार झाला, त्यातून भांडेवाडीला सांडपाण्याचा प्लांट उभा राहिला, आणि शहराचं गटाराचं पाणी शुद्ध करून कोराडीला कूलिंगसाठी जायला लागलं. नंतर तिथे क्षमता अजून वाढवली. म्हणजे आपल्या बाथरूममधून गेलेलं पाणी कोराडीला जातं, आणि वीज होऊन आपल्याच एसीत येतं म्हणा ना. अर्थात ग्रिडमध्ये कुठलं युनिट कुठून आलं ते विचारता येत नाही, पण ढोबळ चित्र हेच.

हे ऐकून वरचे एसीवाले एकदम खूश, बघा आमचा एसी गटाराच्या पाण्यावर चालतो, तुमचा कूलर पेंचच्या प्यायच्या पाण्यावर. मुद्दा चुकीचा नाही. पण मग काका शांतपणे म्हणाले, राखेचं काय?

राख पाण्यात कालवून पाइपने तलावात सोडतात. कोराडीची खसाळ्याला. जुलै २०२२ च्या जोरदार पावसात तिथला राखेचा बंधारा फुटला, राखेचं गाळपाणी शेतात शिरलं आणि नाल्यातून कन्हानला मिळालं, आणि त्याच कन्हानवर शहराच्या पाण्याचं पंपिंग आहे, त्यामुळे नागपूरचा पाणीपुरवठाही त्यात सापडला. एसीची राख नळापर्यंत परत यायचा रस्ता त्या वर्षी सगळ्यांनी बघितला, फक्त शहरात पाणी कमी आलं म्हणून आपण टँकर मागवला आणि विसरलो, खसाळ्याच्या आसपासच्या शेतकऱ्याचं वावर राखेने भरलं ते तसं विसरता येत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत नांदगावच्या राखेच्या तलावावरून गावकऱ्यांनी आवाज उठवला होता आणि तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी तिथे राख टाकणं थांबवायला सांगितलं होतं. आणि कोराडीत ६६० चे अजून दोन संच टाकायचा प्रस्ताव आला, त्याची जनसुनावणी झाली २०२३ च्या मे महिन्यात, भर उन्हात. माझं स्वतःचं मत, ज्या शहराला एवढे दोन प्लांट उशाला असताना अजून वीज पाहिजे, त्या शहराने आधी आपल्या गच्च्या बघाव्या. पण हेही खरं की रात्री ३२ डिग्रीत म्हाताऱ्या माणसाला एसी बंद कर म्हणणं हा काही उपाय नाही. नागपूरचा हीट ॲक्शन प्लॅन २०१६ पासून आहे, त्यात दवाखान्यात वेगळे बेड, पाणपोया, दुपारची कामं टाळा असं बरंच आहे, दिवसाच्या उन्हासाठी ते ठीकच आहे, पण झोप न होणं हा उष्माघातासारखा दिसत नाही आणि मोजलाही जात नाही.

तर पर्याय काय होते. एक सोलरवाला आला होता, छान बोलला, २०२४ च्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० सबसिडी मिळते, लिफ्ट-मोटर-दिवे फुकटात, वगैरे. खोटं काही बोलला नाही. नागपुरात एका किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट सहज निघतात. पण त्याला मी एकच विचारलं, रात्री अकराला काय मिळेल? तो म्हणाला नेट मीटरिंगमध्ये ॲडजस्ट होतं ना सर. बिलात होतं, केबलमध्ये नाही होत. दुपारी १२ ला दिलेलं युनिट रात्री परत घेताना ते कोळशाचंच येतं आणि आपल्या त्याच फेजमधून येतं. सोलर घ्यावं या मताचा मी आहे, पण आमचा जो प्रॉब्लेम होता त्याचं उत्तर ते नव्हतं. त्याचा एक फायदा मात्र कोणी सांगत नाही, पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, किलोवॅटला शंभरेक स्क्वेअर फूट.

दुसरा पर्याय, सगळ्यांचा लोड वाढवून नवीन केबल. खर्च मोठा, आणि गल्लीतला डीपी (ट्रान्सफॉर्मर) पाच स्कीममध्ये एकच, आमची केबल जाड केली तर भार डीपीवर जाणार.

शेवटी जे केलं ते अगदी साधं. गच्ची धुऊन, भेगा भरून, चुना, पांढरा सिमेंट आणि फेविकॉल मिसळून दोन हात मारले. महागडे कोटिंग बाजारात आहेत, ते जास्त टिकतात, हे दोन उन्हाळे गेलं तरी पुष्कळ. पहिला मजला पैसे द्यायला तयार नव्हता, गच्ची वरच्यांची, आम्ही काऊन द्यायचे. मग मी त्यांना लिफ्ट आणि मोटरची आठवण दिली, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींनी, ज्यांना लिफ्टची गरजच नाही, सांगितलं की मोटर बंद झाली की माझ्या नळाला पाणी नसते, घे बाबा माझे पैसे आणि मिटव हे. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

परिणाम: सीलिंग रात्री ९ ला ४१ वरून ३६ वर आलं, बाहेर जवळपास तसंच ऊन असताना. वरच्यांनी एसी २० वर ठेवायची सवय सोडून २५-२६ ला ठेवला तरी झोप लागायला लागली. बीईई (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) म्हणतं एका डिग्रीला ६ टक्के वीज वाचते, आमच्या वरच्या मजल्याच्या बिलांत त्याहून जास्त फरक पडला कारण स्लॅबच थंड झाला. एका घराने तर बेडरूमचा एक एसी बंद ठेवून हॉलचा जुना कूलर परत काढला, वाळ्याच्या ताट्या नवीन लावल्या.

आणि मग नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) संपला, पहिला पाऊस पडला, आणि सगळा हिशेब फिरला. मे मध्ये ४५ डिग्री आणि हवेत ओल १५ टक्के असते तेव्हा चांगला कूलर २९ पर्यंतची हवा देतो, कोरडी हवा पाणी भराभर पिते म्हणून. जूनमध्ये पारा ३५ वर आला आणि ओल ६० टक्के झाली की तोच कूलर ३० देतो आणि वर चिकचिक. म्हणजे ऊन दहा डिग्रीने उतरलं आणि कूलर काही थंड करेना. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री टेस्टर लावला तेव्हा वाय आणि बी फेज मे पेक्षा वर होते, कारण कूलरवाल्या दुसऱ्या मजल्याने दोन एसी आणले होते. त्यात खाणीतले काका पण आले. काकूंचा बीपी वाढतो उकाड्यात, त्यामुळे त्यांना कोणी काही बोललं नाही, मी पण नाही.

सध्या बाकी असलेलं असं: लोडवाढीचा अर्ज दिलाय, प्रत्येकी ४ किलोवॅटचा, एस्टिमेट यायचंय. सोलर ५ किलोवॅटचं कॉमनसाठी घ्यायचं ठरलंय, पश्चिमेकडच्या भागावर, म्हणजे सावली तिकडच्या दोन बेडरूमवर पडेल. पश्चिमेची भिंत तशीच आहे, तिला काय करावं यावर एकमत नाही, कोणी म्हणतं वेल सोडा, कोणी म्हणतं भिंतीला ओल येईल. बाजूच्या स्कीमच्या सेक्रेटरीने वायरमनचा नंबर नेला, त्यांच्याकडेही एक मजला एक फेज असंच निघालं. तुमच्याकडे बघायचं असेल तर टाँगटेस्टर रात्री अकराला लावा, दुपारी लावला तर तिन्ही फेज सारखेच दिसतात आणि वायरमन म्हणतो सगळं ठीक आहे.